सीमा पुसली, बिल उरलं: मोबाईल रोमिंगची पंचवीस वर्षं

आजच्या भागात रोमिंगचा इतिहास. परदेशात फोनचं बिल एवढं का यायचं, ते खाली कोणी आणलं, आणि उद्या तुम्ही तीन महिने बाहेर निघालात तर यातलं काय कामाला येईल, ते बघूया.

सुरुवात युरोपातून. १९८०च्या दशकात, नॉर्डिक देश सोडले तर, जवळपास प्रत्येक मोठ्या देशाची मोबाईल यंत्रणा वेगळी. सीमा ओलांडली की गाडीतला फोन मुका. यावर तोडगा म्हणून ७ सप्टेंबर १९८७ला कोपनहेगनमध्ये १३ देशांतल्या कंपन्यांनी करार केला: सगळ्यांनी एकच यंत्रणा उभारायची. तीच जीएसएम. १ जुलै १९९१ला फिनलंडचे माजी पंतप्रधान हारी होल्केरी यांनी त्यावरून पहिला कॉल केला. १९९२मध्ये टेलिकॉम फिनलंड आणि ब्रिटनच्या व्होडाफोनमध्ये पहिला आंतरराष्ट्रीय रोमिंग करार झाला.

आता आतलं मशीन बघा, मला यातच जास्त रस. तुम्ही बर्लिनला उतरलात, फोन चालू केला. तिथलं नेटवर्क तुमच्या सिममधला क्रमांक वाचतं. त्यात देश आणि कंपनी दोन्ही असतात. मग ते भारतातल्या तुमच्या कंपनीला विचारतं, 'हा माणूस तुमचाच ना?' इकडून होकार जातो आणि तुमचा नवा पत्ता नोंदला जातो. आईने घरून फोन लावला की कॉल आधी तुमच्या भारतातल्या नेटवर्ककडे जातो, तिथून जर्मनीला. आईला तुम्ही कुठे आहात हे माहीत असायची गरज नाही, ती नेहमीचाच दर भरते. पुढच्या प्रवासाचा खर्च तुमच्या माथी. इनकमिंगलाही पैसे का पडतात, याचं उत्तर हे.

पण खरा खर्च तारांचा नव्हताच. परदेशी कंपनी घाऊक दर लावायची, आपली कंपनी त्यावर स्वतःचा नफा चढवायची. सिम घेताना लोक घरचा दर बघतात, रोमिंगचा कोण बघतो? आणि बाहेर गेल्यावर पर्याय नाही. अडला हरी, गाढवाचे पाय धरी! स्पर्धाच नाही, तर दर उतरणार कशाला?

गंमत म्हणजे शेंगेन करारातल्या देशांनी १९९५पासून आपसातली पासपोर्ट तपासणी उठवायला सुरुवात केली होती. माणूस न थांबता पलीकडे जायचा, सीमा फक्त बिलात दिसायची. रोज शेजारच्या देशात कामाला जाणाऱ्यांना ती रोज दिसायची.

शेवटी कायदा आला. युरोपीय आयुक्त व्हिव्हियन रेडिंग यांनी तो लावून धरला. २००७मध्ये कमाल दर ठरला: आउटगोइंगला मिनिटाला ४९ सेंट, इनकमिंगला २४, कर वेगळा. जुलै २०१०पासून, ग्राहकाने दुसरी मर्यादा निवडली नसेल तर, डेटाचं बिल ५० युरोवर अडवायचं बंधन आलं. जुलै २०१२ला डेटाचा कमाल दर एका एमबीला ७० सेंट झाला. म्हणजे १०० एमबीचे ७० युरो, आणि हा कमी केलेला दर! २०१४मध्ये तो २० सेंटवर आला. १५ जून २०१७ला जादा आकार संपला: घरचाच दर सगळीकडे, रास्त वापराच्या मर्यादेत. २०२२मध्ये हा नियम आणखी दहा वर्षांसाठी वाढवला गेला.

आपल्याकडेही मुंबई एक सर्कल, उरलेला महाराष्ट्र आणि गोवा दुसरं. देशातल्या देशात रोमिंगवर इनकमिंगची कमाल मर्यादा मिनिटाला ७५ पैसे होती. मे २०१५मध्ये ट्रायने ती ४५ पैशांवर आणली.

मग लांबच्या प्रवासात काय करायचं?

पहिलं, भारतीय सिम ठेवा, पण फक्त बँकेच्या ओटीपीसाठी. त्यावरचा डेटा रोमिंग बंद. निघण्याआधी आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू आहे का आणि आलेल्या एसएमएसला पैसे पडतात का, ते प्लॅनमध्ये वाचा.

दुसरं, डेटासाठी तिथलं सिम किंवा ईसिम. जर्मनीत तीन महिने ऑनसाइट होतो तेव्हा मी हेच केलं. घरी बोलणं सगळं इंटरनेटवरून.

तिसरं, युरोपीय सिमवरही नकाशा बघा. स्वित्झर्लंड आणि ब्रिटन या नियमात नाहीत. जहाज आणि विमानातलं सॅटेलाइट नेटवर्कही नाही. तिथे फोन एअरप्लेन मोडवर टाका. आणि एका देशाचं सिम घेऊन चार महिने दुसऱ्याच देशात वापरलंत, तर कंपनी जादा आकार लावू शकते.

मला यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. तंत्रज्ञान १९९२ला तयार होतं, रास्त दर यायला २०१७ उजाडलं. मधली पंचवीस वर्षं इंजिनिअरिंगला लागली नाहीत, ग्राहकाच्या बाजूने नियम करायला लागली. तो नियम युरोपीय सिमपुरता आहे. आपलं भारतीय सिम बर्लिनमध्ये आजही करार आणि प्लॅनच्या भरवशावर चालतं. म्हणून विमानात बसण्याआधी तो प्लॅन वाचा.

भेटू पुढच्या भागात!