आजोबांची फाईल आणि चिवट ऱ्य

मागच्या महिन्यात कोल्हापूरच्या घरी एका सीडीवर आजोबांच्या आठवणींची फाईल सापडली. 2003 साली डीटीपीवाल्याकडून टाईप करून घेतलेली. कागदाची प्रत 2019 च्या पुरात गेली, आजोबा त्याच्या आधीच. फाईल उघडली, तर नुसती इंग्रजी अक्षरं अन् चिन्हं!

गोम अशी, की तेव्हाचे बरेच मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवायचे. फॉन्ट असेल तर मराठी, नाहीतर गिचमिड. तशी देवनागरी 1991 सालीच युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत आली होती. विंडोज 2000 सोबत मंगल फॉन्टही आला. पण छापखान्यांचं सगळं काम जुन्या फॉन्टवर बसलेलं, ते कशाला बदलतील?

मग स्वतःच कन्व्हर्टर लिहायला बसलो. ऱ्हस्व वेलांटी फाईलमध्ये अक्षराच्या आधी, युनिकोडमध्ये नंतर. रफाराचं नेमकं उलटं. तीन रात्री गेल्या. सगळ्यांत चिवट निघाला 'ऱ्य'. 'दुसऱ्या'चा 'दुसर्या' व्हायचा. युनिकोडमध्ये त्यासाठी खाली टिंब असलेला वेगळा ऱ आहे. तो घातला आणि ओळ उमटली: रंकाळ्यावर दुसऱ्याच्या सायकलवर शिकताना दोनदा पडलो.

बाबांना वाचून दाखवली. म्हणाले, "दोनदा? आम्हाला तर एकदाच सांगितलेलं."