तक्रारदार कर्मचाऱ्याला कायद्याचे कवच कितपत?

नांदेड वा लातूरमधील एखाद्या कार्यालयातील कर्मचाऱ्याने तेथील गैरव्यवहाराची तक्रार केली आणि पुढे त्यालाच सेवेतून काढले, तर दाद कोठे मागायची, हे तो कोणाच्या सेवेत आहे यावर ठरते.

राज्य शासनाच्या कर्मचाऱ्याचा मुख्य आधार राज्यघटनेचे कलम ३११ हा आहे. दोषारोप कळवून, चौकशी करून आणि बाजू मांडण्याची वाजवी संधी दिल्याखेरीज त्याला सहसा बडतर्फ करता येत नाही. चौकशीची रीत महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ मध्ये दिली आहे. शिक्षेविरुद्ध ४५ दिवसांत विभागीय अपील करावे लागते. नंतरची पायरी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाची, अर्थात ‘मॅट’ची. मराठवाड्यासाठी त्याचे खंडपीठ छत्रपती संभाजीनगर येथे आहे. अपिलाच्या निर्णयापासून एका वर्षात तेथे अर्ज करावा लागतो. सहा महिन्यांत निर्णयच झाला नाही, तर त्यानंतरच्या वर्षभरात. ‘मॅट’च्या निकालाविरुद्ध उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे जाता येते.

जिल्हा परिषद आणि महापालिका कर्मचाऱ्यांचे नियम वेगळे असून ते ‘मॅट’च्या कक्षेत येत नाहीत. कंत्राटी कर्मचाऱ्याची स्थिती सर्वांत नाजूक. कराराची मुदत संपली, एवढेच कारण बहुधा पुरेसे ठरते.

या साऱ्या मार्गांत तपासली जाते ती प्रामुख्याने चौकशी, तक्रार नव्हे. साक्षीदाराची उलटतपासणी नाकारली, कागदपत्रे दिली नाहीत, अशा त्रुटींवर बडतर्फी रद्द होऊ शकते. परंतु ‘खरे बोललो म्हणून काढले’ हे सिद्ध करण्याचा भार कर्मचाऱ्यावरच राहतो. हा भार प्रशासनावर टाकणारा जागल्या संरक्षण कायदा संसदेने संमत केला आणि मे २०१४ मध्ये त्याला राष्ट्रपतींची मंजुरीही मिळाली. मात्र तो अमलात आणणारी अधिसूचना निघालेली नाही. २०१५ चे दुरुस्ती विधेयक लोकसभेत संमत होऊनही २०१९ मध्ये व्यपगत झाले.

तक्रार कोठे केली, यालाही महत्त्व आहे. गुजरातमधील काकरापार अणुवीज प्रकल्पात १९९४ मध्ये पुराचे पाणी शिरल्यावर एका कर्मचाऱ्याने वृत्तपत्राला पत्र लिहिले. त्याला सेवेतून काढण्यात आले आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाई कायम ठेवली. प्रत्येक माहिती देणारा ‘जागल्या’ ठरत नाही, लोकहित हाच त्याचा प्रमुख हेतू असला पाहिजे, असे न्यायालयाचे मत पडले.

केंद्र सरकारच्या सेवकांना थोडा अधिक आसरा आहे. महामार्गाच्या कामातील गैरव्यवहार कळवणारे अभियंता सत्येंद्र दुबे यांची २७ नोव्हेंबर २००३ रोजी गया येथे हत्या झाली. आपले नाव गुप्त ठेवावे, अशी विनंती त्यांनी केली होती. त्यानंतर २१ एप्रिल २००४ च्या ठरावाने केंद्रीय दक्षता आयोगाला अशा तक्रारी स्वीकारण्याचे आणि तक्रारदाराला त्रास झाल्यास हस्तक्षेप करण्याचे अधिकार मिळाले. नांदेड रेल्वे विभागातील किंवा राष्ट्रीयीकृत बँकेतील कर्मचारी हा मार्ग वापरू शकतो; तहसील कार्यालयातील कारकून नाही. त्याला लोकआयुक्त किंवा लाचलुचपत प्रतिबंधक विभाग हाच पर्याय उरतो. या विभागाचे परिक्षेत्र कार्यालय नांदेडला असून लातूर जिल्हा त्याच्याच कक्षेत आहे.

आयोगाकडील तक्रार बंद लिफाफ्यात, त्यावर ‘जनहितार्थ प्रकटीकरण’ असे लिहून पाठवायची असते. नाव-पत्ता लिफाफ्यावर नको, आतील पत्रात मात्र हवा. निनावी तक्रार घेतली जात नाही.