थांबलेल्या फ्रेमची कुळकथा

२००६ साली जपानी टीव्हीवर ‘योआके माए योरी रुरिइरो ना’ नावाची एक अ‍ॅनिमे (जपानी अ‍ॅनिमेशन) मालिका चालू होती. तिच्या तिसऱ्या भागात कोबी चिरण्याचा साधा घरगुती प्रसंग आहे. पण सुरीखाली जे आहे त्याला कोबी म्हणायला जीभ रेटत नाही. एकसारख्या हिरव्या रंगाचा गुळगुळीत गोळा, पानांचे पदर नाहीत की शिरा नाहीत. प्रेक्षकांनी ती फ्रेम थांबवली, जपून ठेवली आणि तिची यथेच्छ टर उडवली. डीव्हीडी आली तेव्हा तिच्यात कोबी नव्याने काढलेला होता, चांगला पदर सुटलेला. मग टीव्हीवरचा कोबी आणि डीव्हीडीवरचा कोबी शेजारी शेजारी लावलेलं चित्र सगळीकडे फिरलं. पुढे काही मालिकांनी कोबी मुद्दाम निगुतीने काढून दाखवला, तो याच थट्टेला उत्तर म्हणून.

एकाच अ‍ॅनिमेची दोन प्रकाशनं घ्यायची, दोन्हींत नेमकी तीच फ्रेम शोधायची आणि डावी-उजवीकडे ठेवून न्याय करायचा, ही पद्धत आता इतकी रुळली आहे की तिलाही कधीतरी जन्म घ्यावा लागला असेल हे कुणाच्या मनात येत नाही. चोखंदळ पोरांचा रिकामा उद्योग म्हणून तिच्याकडे पाहणारे पुष्कळ. माझं मत वेगळं आहे. या उद्योगाचं मूळ एका यंत्राच्या सोयीत आहे आणि त्या सोयीच्या खुणा तो आजही अंगावर वागवतो.

तुलना करायची तर आधी चित्र थांबायला हवं. व्हिडिओ कॅसेटवर ते धड थांबत नसे. टेपवर चित्राच्या पट्ट्या तिरक्या लिहिलेल्या असतात आणि गोल फिरणारी हेडं त्या वाचत जातात. ‘पॉज’ दाबलं की टेप उभी राहते, हेडं मात्र त्याच जागेवर घासत राहतात; पडद्यावर पांढऱ्या रेघा येतात, चित्र थरथरतं. फार वेळ ठेवलं तर टेप झिजू नये म्हणून यंत्र आपणहूनच बंद पडतं.

लेझरडिस्कने हा पेच सोडवला. अमेरिकेत ती १९७८ च्या डिसेंबरात आली, जपानमध्ये पायोनिअरने १९८१ च्या ऑक्टोबरात आणली. तीस सेंटिमीटर व्यासाची, एलपी रेकॉर्डएवढी तबकडी. तिच्या एका प्रकारात तबकडीचा प्रत्येक फेरा म्हणजे बरोब्बर एक फ्रेम असे. मिनिटाला १८०० फेरे, म्हणजे सेकंदाला ३० फ्रेम. लेझरचा किरण त्याच फेऱ्यावर धरून ठेवला की चित्र स्वच्छ, निश्चल उभं राही, आणि घासायला काही नसल्यामुळे झीजही नाही. एका बाजूला अर्धा तास, म्हणजे ५४,००० फ्रेम, आणि प्रत्येकीला स्वतःचा क्रमांक. एक विशिष्ट फ्रेम आकड्याने बोलावता येणं, ही या कुळाची पहिली पिढी म्हणायला हरकत नाही.

योग असा की त्याच सुमाराला अ‍ॅनिमेने थिएटर आणि टीव्ही दोन्हींना वळसा घालून थेट घरात येण्याची वाट काढली. १९८३ च्या डिसेंबरात आलेली ‘डालोस’ ही फक्त विकण्यासाठी बनवलेली पहिली अ‍ॅनिमे मालिका मानतात. दिग्दर्शकांत मामोरू ओशी होते, ज्यांनी पुढे ‘घोस्ट इन द शेल’ केला. टीव्ही फुकट दिसतो, डिस्क विकत घ्यावी लागते, आणि जपानात ती कायम महागच राहिली. पुढे ब्ल्यू-रेच्या काळातही दोन भागांच्या एका डिस्कला सहा-सात हजार येन मोजणं नेहमीचं होतं. एवढे पैसे मोजणारा माणूस चित्राचा ताळेबंद मागणारच.

जपानबाहेर मात्र बराच काळ सगळी मदार कॅसेटवर होती. आपल्याकडे व्हीसीआर भाड्याने आणण्याच्या दिवसांत कॅसेटवाल्याला पहिला प्रश्न असायचा, ‘प्रिंट कशी आहे?’ अमेरिकेतल्या अ‍ॅनिमे मंडळांचाही तोच प्रश्न होता. लॉस एंजेलिसमध्ये १९७७ साली ‘कार्टून/फँटसी ऑर्गनायझेशन’ सुरू झाली. तिथले सभासद जपानी मित्रांना टपालाने अमेरिकी मालिका धाडत आणि बदल्यात अ‍ॅनिमे मागवत. दोन्ही देशांत टीव्हीची पद्धत एकच, एनटीएससी, म्हणून कॅसेट थेट चाले. (भारत पाल पद्धतीचा. तीच कॅसेट इथल्या साध्या व्हीसीआरवर चालली नसती.) पण कॅसेटच्या प्रत्येक कॉपीगणिक चित्र खंगतं. व्हीएचएस मुळातच आडव्या दिशेने २४० रेषांच्या आसपास तपशील धरते, लेझरडिस्क ४०० च्या वर. व्हीएचएसवर रंगांना तर त्याहून कमी जागा, त्यामुळे लाल रंग आपली कड सोडून ओघळतो. कॉपीची कॉपी, तिची कॉपी असं झालं की लाल जाकीट म्हणजे नुसता एक ढग. म्हणून तुमच्याकडची कॅसेट कितव्या पिढीची, याला मान होता, आणि थेट लेझरडिस्कवरून उतरवलेल्या कॅसेटला सर्वांत जास्त. तुलनेचं व्याकरण या देवघेवीत तयार झालं. तेव्हा चित्रं शेजारी लावता येत नव्हती, पण कुणाची प्रत कोणत्या मुळापासून निघाली हे विचारायची सवय लागली.

हे अ‍ॅनिमेच्याच बाबतीत इतकं का व्हावं? खऱ्या माणसांच्या सिनेमात चेहऱ्यावर सावल्या असतात, पार्श्वभूमी धूसर असते, त्यात पुष्कळ दोष खपून जातात. अ‍ॅनिमेत एक काळी रेघ आणि तिच्या आत सपाट रंग. रेघेच्या बाजूला पांढरी किनार उमटली, सपाट निळ्यात चौकोन दिसले, कडेला इंद्रधनुषी किडे वळवळले, की लपायला जागा नाही. शिवाय टीव्हीवरच्या अ‍ॅनिमेत सेकंदाला २४ चित्रं क्वचितच काढतात. एकच चित्र दोन-तीन फ्रेम धरून ठेवायचं, ही काटकसर १९६३ च्या ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’पासून अंगवळणी पडलेली. चित्र मुळातच थबकत चालतं, तेव्हा डोळाही थबकतो.

आणि थांबवलेली फ्रेम नेहमीच खरी असते असंही नाही. फिल्म सेकंदाला २४ फ्रेमची, एनटीएससी व्हिडिओ ३० चा. हिशेब जुळवायला फिल्मच्या चार फ्रेमच्या व्हिडिओत पाच करतात, आणि त्या पाचांतल्या दोन फ्रेममध्ये दोन वेगळ्या चित्रांच्या ओळी एकाआड एक मिसळतात. तिथे थांबलात तर पात्राला दोन नाकं आणि कंगव्यासारखे दाते दिसतात. असं चित्र कुणा चित्रकाराने कधी काढलेलंच नसतं.

डीव्हीडी जपानमध्ये १९९६ च्या नोव्हेंबरात आली आणि कॉम्प्युटरमध्ये शिरली, तेव्हा फ्रेम नुसती थांबण्यापुरती राहिली नाही. ती उचलून दुसरीकडे ठेवता येऊ लागली. शेजारी-शेजारी तुलनेचा खरा जन्म हा. एकाच मालिकेची जपानी डिस्क आणि अमेरिकी डिस्क यांत फरक का, याची उत्तरं मिळू लागली. जपानी डिस्कवर बहुधा दोन भाग, अमेरिकी डिस्कवर चार. तितक्याच जागेत दुप्पट माल कोंबला की चित्र चिरडतं.

सफाईचे घोळही उघडे पडले. जुन्या फिल्मवर धूळ, ओरखडे असतात. ते काढायला एक स्वयंचलित गाळणी वापरतात. एका फ्रेममध्ये आहे आणि पुढच्या फ्रेममध्ये नाही ते सगळं कचरा, असं या गाळणीला वाटतं. पण वेगाने फिरणारा हात, उडणारी केसांची बट यांच्या रेघासुद्धा एकाच फ्रेमपुरत्या असतात. तांदूळ निवडताना खड्यांबरोबर दाणेही पाखडून जावेत तशा त्या रेघा पुसल्या गेल्या. फिल्मचे दाणेही गेले. १६ मिलिमीटर फिल्मवरच्या चित्राला ठसठशीत दाणा असतो आणि तो काढला की पात्रं मेणाची दिसू लागतात. दाणा हे फिल्मचं अंगच आहे, त्याला मळ समजणाऱ्यांशी माझं कधी जमायचं नाही. गंमत म्हणजे पुढे कॉम्प्युटरवर रंगवलेल्या अ‍ॅनिमेत संध्याकाळच्या आकाशात रंगांच्या पायऱ्या दिसू लागल्या, तेव्हा त्या झाकायला बारीक दाणा मुद्दाम मिसळावा लागला.

या सगळ्यांत गाजलेला खटला ‘ड्रॅगन बॉल झी’चा. १९८९ ते १९९६, २९१ भाग, १६ मिलिमीटर फिल्म. जपानमध्ये २००३ साली फिल्मवरून मेहनतीने नवी प्रत उतरवून ‘ड्रॅगन बॉक्स’ काढला. अमेरिकेत २००७ साली जे संच आले त्यांत मात्र जुनं चौकोनी चित्र नव्या रुंद टीव्हीत बसवण्यासाठी वरून-खालून कापलेलं होतं. ४:३ चं १६:९ करायचं तर उंचीचा चौथा भाग जातो. गोकूच्या केसांची टोकं गेली. एवढे केस मिरवणाऱ्या नायकाच्या बाबतीत हे जरा जास्तच झालं. तेव्हा शेजारी लावलेल्या दोन फ्रेमनी जे काम केलं ते शंभर तक्रारपत्रांनी झालं नसतं. कात्री तरीही थांबली नाही. २०१३ च्या ब्ल्यू-रे संचातही चित्र कापलेलंच होतं.

टीव्ही आणि डिस्क यांत जपानमध्येच जो फरक पडतो त्याची कारणं निराळी. १६ डिसेंबर १९९७ ला ‘पोकेमॉन’च्या एका भागातल्या लाल-निळ्या लुकलुकाटाने शेकडो मुलांना झटके आले, रुग्णालयं भरली. त्यानंतर वाहिन्यांनी नियम केले, आणि झगझगीत हाणामारीचे प्रसंग टीव्हीवर अंधारलेले, पुसट दिसू लागले. डिस्कवर बहुधा तो अंधार नसतो. दुसरं कारण घाई. १९९८ च्या ‘लॉस्ट युनिव्हर्स’चा चौथा भाग इतका कच्चा गेला की त्याचं नाव बिघडलेल्या अ‍ॅनिमेशनचं समानार्थी होऊन बसलं, विक्रीसाठी तो पुन्हा काढावा लागला. पुढे तर ही रीतच झाली. ‘बाकेमोनोगातारी’ (२००९) आणि ‘माडोका मॅजिका’ (२०११) टीव्हीवर जागोजागी अर्धवट होत्या, डिस्कवर पार्श्वभूमी, चेहरे, कोन नव्याने आले. प्रेक्षक दोन फ्रेम शेजारी ठेवून काय काय बदललं याच्या याद्या करू लागले, आणि निर्मात्यांना ती जाहिरात फुकटात मिळाली.

मूळ चित्र कोणतं, हा प्रश्न मग अवघड होतो. ‘स्पिरिटेड अवे’ची जपानी डीव्हीडी २००२ च्या जुलैत आली आणि घरोघर सगळं चित्र लालसर दिसलं. पांढरे ढगही गुलाबी. लोकांनी थिएटरमध्ये वेगळे रंग पाहिले होते. खुलासा असा आला की रंग घरच्या टीव्हीचा विचार करून जुळवले आहेत. त्यात अगदीच तथ्य नव्हतं असं नाही; जपानी टीव्हीचा पांढरा रंग पाश्चात्त्य मानकापेक्षा निळसर ठेवलेला असतो. पण ग्राहक ऐकेनात, प्रकरण न्यायालयात गेलं आणि तडजोडीने मिटलं. २०१४ च्या ब्ल्यू-रेमध्ये तो लाल रंग नव्हता. तुलना करणाऱ्यांच्या बाजूने बोलायचं तर या एका प्रकरणात ते निर्विवाद बरोबर होते. एरवी मी इतक्या ठामपणे म्हणणार नाही, कारण दोन फ्रेमपैकी जास्त उजळ, जास्त कोरीव दिसणारी जिंकते आणि ती पुष्कळदा गाळणीतून काढून धार लावलेली असते. चालत्या चित्रात जे डोळ्याला सुखावतं ते थांबवल्यावर गढूळ दिसतं.

आवाजाचं या घराण्यात नेहमीच सावत्रपण. आवाज थांबवता येत नाही, शेजारी लावता येत नाही. मग त्याच्याबद्दल लिहितो कोण? वास्तविक चुका तिथेही तितक्याच. पाल पद्धतीच्या देशांत २४ ची फिल्म २५ ने पळवत, त्यामुळे १०० मिनिटांचा सिनेमा ९६ मिनिटांत संपे आणि सगळ्यांचे आवाज जवळजवळ अर्धा स्वर चढत. दुसऱ्या टोकाला ‘अकिरा’. १९८८ च्या या सिनेमाचे संवाद जपानी रिवाजाविरुद्ध चित्रांच्या आधी ध्वनिमुद्रित केले होते. त्याचे संगीतकार शोजी यामाशिरो हेच त्सुतोमु ओहाशी या नावाने शास्त्रज्ञ. कानाला ऐकू न येणारे अतिउच्च स्वरही मेंदूवर परिणाम करतात असा त्यांचा सिद्धांत. म्हणून २००९ च्या ब्ल्यू-रेवर जपानी आवाज १९२ किलोहर्ट्‌झ, २४ बिटचा दिला. सीडी ४४.१ ची असते आणि माणसाचा कान २० च्या आसपास थकतो. सिद्धांतावर मतभेद आहेत, पण आवाजासाठी एवढी जागा अडवून बसलेली डिस्क पाहून बरं वाटतं.

आणि ‘ड्रॅगन बॉल झी’चं काय? चित्रासाठी फिल्म होती. आवाज मात्र त्याच फिल्मच्या कडेला छापलेल्या प्रकाशपट्टीवरून घ्यावा लागला, आणि तो कोंदट, तोंडावर रुमाल धरल्यासारखा येतो. मालिका चालू असताना जपानमधल्या काही घरांत ती हाय-फाय व्हीसीआरवर भरून घेतली होती. त्या कॅसेटवरचं चित्र आज पाहवत नाही, पण हाय-फाय व्हीएचएसचा आवाज सीडीच्या जवळ जातो, आणि तो थेट प्रक्षेपणातला. चाहते त्या जुन्या कॅसेटवरून आवाज काढतात, जाहिरातींच्या जागा कापतात, आणि डिस्कच्या चित्राशी फ्रेम-फ्रेमने जुळवत बसतात.