मुंबईचा धूर : ‘उपद्रवा’पासून ‘प्रदूषणा’पर्यंत

मुंबई इलाख्यात १९१२ मध्ये धुराच्या उपद्रवाविरुद्ध एक कायदा संमत झाला. बंगालमध्ये त्याच धर्तीचा कायदा १९०५ मध्ये झाला होता. ह्या कायद्यांनी धुरास दिलेली संज्ञा लक्षणीय आहे. धुराचा विचार तेथे रोगाचे कारण म्हणून नव्हे, तर ‘उपद्रव’ म्हणून झालेला आहे. उपद्रव ही मूलतः शेजाराची कल्पना होय. एकाने त्रास द्यावा, दुसऱ्याने गाऱ्हाणे करावे आणि तिसऱ्याने निवाडा द्यावा, असे तिचे स्वरूप असते. ज्याचे गाऱ्हाणे ऐकले जात नाही, अथवा जो त्रासाच्या उगमापासून दूर राहतो, त्याची पीडा ह्या कल्पनेत सामावत नाही. मुंबईच्या ऊर्जापुरवठ्याचा इतिहास ह्या दृष्टीने तपासला असता, अनेक उपायांनी पीडेचे निवारण होण्याऐवजी तिचे स्थानांतरच झाले, असे दिसून येते.

कावसजी नानाभाई दावर ह्यांनी १८५४ मध्ये मुंबईतील पहिल्या कापडगिरणीची स्थापना केली, आणि १८५६ मध्ये ती ताडदेव येथे सुरू झाली. पुढील अर्धशतकात परळ, लालबाग, वरळी हा सारा परिसर गिरण्यांच्या धुराड्यांनी भरून गेला. मुंबईच्या आसपास कोळशाच्या खाणी नाहीत. तो सागरमार्गे विलायतेहून किंवा दूरच्या बंगालमधून आणावा लागे. कामगारांच्या चाळी गिरण्यांच्या सावलीतच उभ्या राहिल्या. पश्चिमेकडून येणारा समुद्रवारा प्रथम मलबार टेकडीवरील बंगल्यांना मिळे. धुराची ही विभागणी कोणी ठरवून केली नव्हती. जमिनीचे भाव आणि वाऱ्याची दिशा ह्यांनी ती आपोआप घडवून आणली.

१९१२ च्या कायद्यान्वये धूर नियमांत ठरविलेल्या प्रमाणाहून अधिक दाट असणे, अधिक काळ निघणे अथवा ठरविलेल्या उंचीच्या खाली सोडला जाणे, हा अपराध ठरला. ह्या तिन्ही कसोट्या डोळ्यांच्या आहेत. कोळशातील गंधकापासून निर्माण होणारा वायू डोळ्यांस दिसत नाही. तो त्यांच्या कक्षेबाहेर राहिला. उंचीची कसोटी तर अधिकच बोलकी आहे. धुराडे उंच केल्याने धूर नष्ट होत नाही, तो अधिक दूर जाऊन पडतो.

कोळशावरील अवलंबन कमी करण्याचा दुसरा मार्ग सह्याद्रीच्या पावसाने दाखविला. लोणावळ्याजवळ साठविलेले पाणी घाटाखाली खोपोलीस सोडून टाटांच्या जलविद्युत कंपनीने १९१५ मध्ये मुंबईच्या गिरण्यांना वीज देण्यास प्रारंभ केला. गिरणगावाच्या हवेस हा लाभच होता. परंतु ह्याच योजनेचा पुढील टप्पा मुळशी येथे आला, तेव्हा आंबेमोहर भातासाठी प्रसिद्ध असलेल्या त्या खोऱ्यातील पन्नासाहून अधिक गावांवर पाण्याखाली जाण्याचे संकट ओढवले. एप्रिल १९२१ मध्ये मावळ्यांनी सत्याग्रह आरंभिला. सेनापती बापट त्याचे प्रमुख नेते झाले. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात मोबदल्याची तरतूद होती, पुनर्वसनाची नव्हती. ज्या सावकारांकडे जमिनी गहाण होत्या त्यांना मोबदल्यात स्वारस्य होते. कसणाऱ्यांना जमीनच हवी होती. सत्याग्रह अयशस्वी झाला आणि १९२७ मध्ये भिरा येथील वीजकेंद्र सुरू झाले. शहराची वीज धुरावाचून निर्माण होऊ लागली, तिची किंमत मात्र डोंगराआडच्या शेतकऱ्याने चुकविली.

स्वातंत्र्योत्तर काळात जलविद्युत अपुरी पडू लागली. १९५४-५५ मध्ये माहुल परिसरात दोन तेलशुद्धीकरण कारखाने आणि १९५६ मध्ये ट्रॉम्बे येथे औष्णिक वीजकेंद्र सुरू झाले. ज्या खाडीकाठी कोळ्यांची वस्ती होती, तेथेच शहराच्या पूर्वेचे धुराडे उभे राहिले. केईएम रुग्णालयाचे डॉ. एस. आर. कामत आणि त्यांचे सहकारी ह्यांनी पुढे लालबाग, चेंबूर व खार ह्या तीन वस्त्यांची एका ग्रामीण वस्तीशी तुलना केली. अधिक दूषित भागांत खोकला व धाप ह्यांचे प्रमाण अधिक आढळले. जो धूर पूर्वी केवळ डोळ्यांनी मोजला जाई, त्याचे मोजमाप आता फुप्फुसांत होऊ लागले.

१९८१ च्या केंद्रीय कायद्याने संज्ञाही बदलली. मनुष्य, इतर प्राणी, वनस्पती, मालमत्ता अथवा पर्यावरण ह्यांस अपायकारक ठरू शकणारा हवेतील पदार्थ तो ‘प्रदूषक’, अशी व्याख्या झाली. तक्रारदाराच्या जागी अपाय आला, ही मोठीच प्रगती होय. तथापि स्थानांतराची रीत थांबली नाही. १९८० च्या दशकात चंद्रपूर येथे मोठे औष्णिक केंद्र उभारले गेले. त्याची वीज राज्यभर जाते, राख आणि धूर तेथेच राहतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये चंद्रपूरची गणना अतिगंभीर प्रदूषित क्षेत्रांत केली. मुंबईत तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या हटवून २०१७ पासून अनेक कुटुंबांना माहुल येथेच घरे देण्यात आली. सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तेथे राहण्याची सक्ती करता येणार नाही असे ठरवून, पर्यायी घर न दिल्यास दरमहा १५,००० रुपये भाडे देण्याचा आदेश दिला. निवाऱ्याच्या हक्कात श्वास घेण्याजोग्या हवेचा अंतर्भाव होतो, हे तत्त्व त्यामुळे व्यवहारात उतरले.

कोळशाच्या ज्वलनातून निघणारा कर्बद्विप्राणिद ह्या संपूर्ण इतिहासाच्या टोकाशी उभा आहे. त्यास रंग नाही, वास नाही आणि शेजारही नाही. तो कोठेही सोडला तरी साऱ्या पृथ्वीच्या वातावरणात मिसळतो. १९५० ते २०१५ ह्या काळात मध्य भारतातील विस्तृत प्रदेशावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्या, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. कोणतीही एक अतिवृष्टी केवळ हवामानबदलामुळे झाली असे म्हणणे शास्त्रास धरून होणार नाही. परंतु पाणी सखल वस्तीतच प्रथम शिरते, ह्यासाठी वेगळ्या पुराव्याची आवश्यकता नाही. ज्यांनी वीज सर्वांत कमी वापरली, त्यांच्याच घरात ते अधिक काळ राहते.

म्हणून ऊर्जेच्या कोणत्याही नव्या साधनाची परीक्षा केवळ ते किती धूर सोडते ह्यावरून करणे अपुरे ठरते. सौर व पवन वीजही जमीन मागते, आणि ती जमीन कोणाची हा मुळशीचा प्रश्न तेथेही उपस्थित होतो. स्थानांतर म्हणजे निवारण नव्हे, एवढा बोध मुंबईच्या धुराचा इतिहास निश्चितपणे देतो.