उपाशीपोटीच्या गोळीची कुळकथा

कवयित्री बहिणाबाई चौधरींचा जन्म असोद्याचा, साल १८८०. त्या गेल्या १९५१ मध्ये. आज असोद्यात आणि जळगावच्या आसपास कितीतरी घरांत सकाळच्या चहाआधी थायरॉईडची गोळी घेतली जाते. तिची जवळजवळ सगळी जडणघडण या दोन सालांच्या मधली आहे. बहिणाबाईंच्या पिढीत ज्या बाईची थायरॉईड ग्रंथी थकली, तिच्या वाट्याला चेहऱ्यावरची सूज, अंगात भरलेली थंडी, घोगरा आवाज आणि ‘आळशी झाली’ हा शेरा एवढंच आलं असेल. मला हे फार अन्यायाचं वाटतं, कारण दोष तिच्या स्वभावात नव्हता, गळ्यातल्या ग्रंथीत होता.

ग्रंथीचं मोल कळलं ते ती काढल्यावर. गलगंडाच्या शस्त्रक्रियेत हातखंडा असलेल्या स्वित्झर्लंडच्या थिओडोर कोखर यांनी १८८३ साली जाहीर केलं, की ज्यांची ग्रंथी आपण समूळ काढली, ते रोगी पुढे सुजले, मंदावले. स्वतःच्या हातून घडलेलं नुकसान त्यांनी लपवलं नाही, म्हणून पुढचा रस्ता उघडला.

तो रस्ता मेंढीपर्यंत गेला. १८९१ साली इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे या तरुण डॉक्टरांनी मेंढीच्या थायरॉईडचा अर्क ४६ वर्षांच्या एका बाईला टोचला. सूज उतरली, बोलणं सुधारलं, ती हिंडूफिरू लागली. ती त्यानंतर २८ वर्षं जगली आणि तेवढ्या काळात तिच्या औषधासाठी ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या. पुढच्याच वर्षी एडवर्ड फॉक्स यांनी सुई बाजूला ठेवली. मेंढीची ग्रंथी हलकी परतून, बारीक करून, करंट या फळाच्या जेलीबरोबर आठवड्यातून एकदा खायला दिली. तीही लागू पडली. आठवड्यातून एकदा देऊन कसं भागलं, याचं उत्तर आज ठाऊक आहे : थायरॉईडचं संप्रेरक रक्तात रेंगाळतं, निम्मं व्हायलाच त्याला साधारण सात दिवस लागतात.

पण एका मेंढीची ग्रंथी दुसरीसारखी नसते, त्यामुळे डोस कधी कमी पडे, कधी जास्त. अर्कातला नेमका पदार्थ वेगळा काढला तो अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या एडवर्ड केंडॉल यांनी, १९१४ च्या नाताळात. पुढे सुमारे तीन टन डुकरांच्या ग्रंथींतून त्यांच्या हाती आले ३३ ग्रॅम स्फटिक. तेच थायरॉक्सिन. १९२६ मध्ये चार्ल्स हॅरिंग्टन यांनी त्याची रचना उलगडली आणि १९२७ मध्ये बार्जर यांच्यासोबत ते प्रयोगशाळेत तयार केलं. आता मेंढी नको, डुक्कर नको. तरीही एक अडचण उरली : पोटात गेलेलं थायरॉक्सिन नीट शोषलं जात नव्हतं. १९४९ मध्ये त्याचा सोडियम क्षार तयार झाला आणि अडचण बरीचशी सुटली. आजच्या गोळीतलं लेव्होथायरॉक्सिन सोडियम ते हेच.

बरीचशी सुटली, पूर्ण नाही. उपाशीपोटीचा दंडक त्यातूनच आलेला आहे. गोळी साध्या पाण्यासोबत घ्यायची आणि चहासुद्धा निदान अर्धा तास, जमल्यास तासभर थांबवायचा. रक्तवाढीच्या लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या तर चार तास लांबच ठेवायच्या. त्या हिला आतड्यातच धरून ठेवतात. तपासणीत टीएसएच (थायरॉईडला चालना देणारं संप्रेरक) खाली येत नाही तेव्हा डोस वाढवण्याआधी हे वेळापत्रक विचारावं, असं माझं ठाम मत आहे.

सुरुवात केल्यावर काय होतं? आठ दिवसांत काहीच नाही, आणि लोक तिथेच खचतात. दोन-तीन आठवड्यांत थकवा, बद्धकोष्ठ, थंडी कमी होऊ लागते. कोरडी त्वचा आणि केसगळती यांना महिने लागतात. रक्तातली पातळी स्थिरावायला वेळ लागतो, म्हणून पुढची टीएसएच तपासणी सहा ते आठ आठवड्यांनी. वयस्कर माणसाला किंवा हृदयविकार असलेल्याला डॉक्टर १२.५ किंवा २५ मायक्रोग्रॅमपासूनच सुरू करतात, कारण मंदावलेल्या हृदयाला एकदम घाई सोसत नाही. धडधड, हाताला कंप, झोप उडणं असं काही झालं तर डोस जास्त होतोय का ते डॉक्टरांना विचारावं. मनानं गोळी बंद करू नये.

‘आता जनमभर गोयी घ्या लागीन का?’ हा आपल्याकडचा पहिला प्रश्न. पुष्कळांना घ्यावी लागते. बाळंतपणानंतर बिघडलेली ग्रंथी कधी पुन्हा सावरते, तेव्हा डॉक्टर गोळी थांबवूनही पाहतात. पण ही सवय लागणारी गोळी नव्हे. शरीर जे बनवायचं थांबलं तेच बाहेरून भरून देणं, एवढंच तिचं काम.

खानदेशासाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. उष्णता, ओल आणि उजेड या तिन्हींनी ही गोळी बिघडते, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो. बाटली चुलीजवळच्या फळीवर, खिडकीत किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका. घरातल्या सर्वांत गार, कोरड्या कपाटात, झाकण घट्ट लावून ठेवा. दुसऱ्या कंपनीची गोळी हाती आली तर डॉक्टरांना कळवा, आणि त्यांनी सांगितल्या वेळी तपासणी करून घ्या.

आणि दिवस राहिल्याचं कळलं, तर पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट पाहू नका, लगेच डॉक्टरांना सांगा. बहुतेकींचा डोस तेव्हा वाढवावा लागतो. पहिल्या तीन महिन्यांत बाळाच्या मेंदूची वाढ आईच्याच थायरॉईड संप्रेरकावर चालते.