विंडोज श्रेणीवाढीतील त्रुटींचे निदान

संगणकाच्या कार्यकारी प्रणालीची नवी आवृत्ती जुनीवर चढवताना येणाऱ्या अडथळ्यांचे मूळ शोधण्याची रीत. विंडोज १० व ११ मध्ये ही श्रेणीवाढ चार टप्प्यांत चालते: चालू प्रणालीतील तयारी, मर्यादित सुरक्षित वातावरण, मग पहिला व दुसरा बूट. कुठे बिनसले की सेटअप सारे गुंडाळून जुनी प्रणाली परत आणतो आणि पडद्यावर सांकेतिक क्रमांक ठेवतो. त्या क्रमांकालाच कारण समजणे ही सर्रास होणारी गफलत. ‘सी१९००१०१’ हा संकेत बहुधा ड्रायव्हरकडे बोट दाखवतो, पण कोणत्या, ते सांगत नाही. जोडीचा दुसरा संकेत टप्पा कळवतो आणि दोषी फाइलचा माग ‘पँथर’ फोल्डरमधील लॉग शेवटाकडून वाचताना लागतो. विंडोज ७ च्या काळातील यंत्रांवर तर कधी कधी सी ड्राइव्ह रिकामा असूनही काम अडते, कारण १०० एमबीचे राखीव पार्टिशन भरलेले असते. तिथे फोटो पुसून काहीच साधत नाही.

एवढ्या खटाटोपापेक्षा डिस्क फॉरमॅट करून नव्याने सुरुवात बरी, असा आक्षेप घेतला जातो. प्रणालीच्या फाइलीच बिघडल्या असतील तर तो रास्त आहे. मात्र दोष डिस्कमध्ये किंवा रॅममध्ये असेल, तर नव्या प्रणालीतही तो तसाच राहतो, आणि बॅकअप नसलेला डेटा तेवढा जातो.