रेडिओवरची कवायत : जपानच्या 'राजिओ ताइसो'चा इतिहास

१/ सामूहिक व्यायामाच्या मोहिमांनी समाज खरोखर सुदृढ होतो का? हा प्रश्न तपासायचा तर जपानच्या 'राजिओ ताइसो'कडे, म्हणजे रेडिओवरच्या कवायतीकडे पाहावे लागते. मंडळी, आजचा थ्रेड तिच्याविषयी.

२/ तिचा उगम विम्याच्या धंद्यात आहे. १९२५ साली अमेरिकेतील मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीने रेडिओवरून व्यायाम सुरू केला. विमेदार जितका अधिक जगेल, तितके हप्ते अधिक, असा सरळ हिशेब. जपानमध्ये टपाल खातेच सर्वसामान्यांना आयुर्विमा देत असे. त्याने ही कल्पना उचलली.

३/ सम्राट हिरोहितो यांच्या राज्यारोहण सोहळ्याच्या निमित्ताने १ नोव्हेंबर १९२८ रोजी टोकियोतून पहिले प्रसारण झाले. ना साधने, ना वस्ताद, ना आखाडा. रेडिओचा आवाज पोहोचेल ते अंगण पुरेसे होते. लवकरच सुट्टीत मुलांचे पहाटेचे मेळे भरू लागले.

४/ मराठीत 'कवायत' शाळेतलीही असते आणि लष्करातलीही. जपानमध्ये हे दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळले. युद्धकाळात हीच कवायत राष्ट्रनिष्ठेचे प्रदर्शन झाली. कोरिया आणि तैवान या वसाहतींतही ती पोहोचली. मैदाने भरत होती, पण गैरहजर राहण्याची मुभा आक्रसत होती.

५/ पराभवानंतर दोस्तराष्ट्रांच्या अमलाखाली, १९४७ साली, प्रसारण थांबले. १९५१ साली ते नव्या रचनेसह परतले. आजही सकाळी साडेसहाला सुमारे तीन मिनिटांच्या त्या संगीतावर बागांमध्ये लोक जमतात. त्यांत वृद्ध पुष्कळ.

६/ मग परिणाम काय झाला? जपानी माणसाचे आयुर्मान युद्धोत्तर काळात झपाट्याने वाढले. पण त्याच काळात क्षयरोग आटोक्यात आला, स्वच्छता वाढली, आहार बदलला. श्रेय एकट्या कवायतीला देता येत नाही.

७/ उपस्थितीचा आकडा हा आरोग्याचा पुरावा नव्हे. युद्धकाळातली गर्दी धाकाचीही होती. आजची गर्दी मात्र स्वखुशीची आहे: ठरलेली वेळ, चालत जाता येईल अशी जागा आणि न आल्यास चौकशी करणारा शेजारी. शरीर हलते ठेवण्याची सवय यांवरच टिकते.

८/ म्हणून सामूहिक व्यायामाचे जुने छायाचित्र दिसले की माणसे मोजण्याआधी एक प्रश्न विचारा : यांतल्या कुणाला घरी थांबता आले असते का?

(समाप्त)